ग्रंथालय व माहितीशास्त्रातील संशोधन आणि शिक्षण : प्रवाह, मर्यादा आणि मराठी ग्रंथसंग्रहाचा प्रश्न

1. प्रास्ताविक

नागपूर शहराच्या पश्चिमेकडील धरमपेठ हा भाग शिक्षणसंस्थांसाठी परिचित आहे. धरमपेठ एम. पी. देव स्मृती विज्ञान महाविद्यालय आणि आर. एस. मुंडले धरमपेठ कला व वाणिज्य महाविद्यालय या दोन संस्थांच्या नावांतच हा परिसर सामावलेला आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा अमरावती मार्गावरील परिसर येथून जवळ आहे. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था अर्थात ‘नीरी’, दीक्षाभूमी आणि सीताबर्डीवरील विदर्भ साहित्य संघ ही ठिकाणेही फार दूर नाहीत. महाविद्यालयीन, विद्यापीठीय, विशेष आणि सार्वजनिक असे ग्रंथालयांचे जे चार प्रकार पदवीच्या पहिल्या पाठात शिकविले जातात, ते सर्व येथे काही किलोमीटरच्या अंतरात पाहावयास मिळतात. ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या अभ्यासकाला यापेक्षा सोयीची प्रयोगभूमी क्वचितच लाभेल.

असे असूनही या विषयातील संशोधनाचे विषय, पद्धती आणि निष्कर्ष पाहिले असता ते कोणत्याही शहरातील कोणत्याही ग्रंथालयाला लागू पडतील इतके सर्वसाधारण असतात. वाचक समाधानी आहेत काय, प्राध्यापक ई-संसाधने वापरतात काय, संगणकीकरण कितपत झाले आहे, हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. मराठी पुस्तक मराठी वाचकाला तालिकेत सापडते काय, हा प्रश्न मात्र अपवादानेच विचारला जातो. या विषयातील शिक्षण व संशोधन यांनी साधनांचा अभ्यास पुष्कळ केला, परंतु ज्या संग्रहासाठी ती साधने आहेत त्या संग्रहाकडे, विशेषतः मराठी संग्रहाकडे, दुर्लक्ष केले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हे दुर्लक्ष कसे घडले आणि ते दूर कसे करता येईल, याचा विचार येथे केला आहे.

2. शिक्षणाची वाटचाल

भारतातील ग्रंथालयशिक्षणाचा प्रारंभ मराठी राज्यकर्त्याच्या संस्थानात झाला, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलाविले आणि 1911 मध्ये तेथे ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. 1912 पासून बडोद्याहून निघणारे ‘लायब्ररी मिसलेनी’ हे नियतकालिक इंग्रजी व गुजरातीबरोबरच मराठीतही मजकूर देत असे. म्हणजे या व्यवसायाच्या बाल्यावस्थेतच मराठीला व्यावसायिक चर्चेची भाषा म्हणून स्थान होते. त्यानंतर 1915 मध्ये लाहोर येथे पंजाब विद्यापीठात आसा डॉन डिकिन्सन यांनी अभ्यासक्रम चालविला. 1929 मध्ये मद्रास येथे शियाळी रामामृत रंगनाथन यांनी प्रशिक्षण सुरू केले. त्यांची पंचसूत्री 1931 मध्ये आणि द्विबिंदू वर्गीकरण पद्धती 1933 मध्ये प्रसिद्ध झाली.

नागपूर विद्यापीठाची स्थापना 1923 ची. पन्नाशीच्या दशकात ज्या मोजक्या भारतीय विद्यापीठांनी ग्रंथालयशास्त्राचे अध्यापन सुरू केले त्यांत नागपूरचा समावेश होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचा प्रतिमान अभ्यासक्रम 2001 मध्ये आला. त्यानंतर नागपूर विद्यापीठातील या विषयाचे प्राध्यापक पी. एस. जी. कुमार यांनी त्या अभ्यासक्रमातील प्रश्नपत्रिकांना अनुसरून इंग्रजीत क्रमिक ग्रंथांची मालिका लिहिली. देशभरातील विद्यार्थ्यांच्या हाती ही मालिका गेली. राष्ट्रीय अभ्यासक्रमाची घडण पाठ्यपुस्तकांत उतरविण्याच्या कामात नागपूरचा वाटा होता, ही या विभागाची मोठीच जमेची बाजू मानावी लागेल.

2001 च्या अभ्यासक्रमाने एक वळण निश्चित केले. ग्रंथालयशास्त्राच्या जोडीला ‘माहितीशास्त्र’ ठामपणे उभे राहिले. माहिती तंत्रज्ञान, जालव्यवस्था, अंकीय ग्रंथालय हे घटक वाढले आणि वर्गीकरण व तालिकीकरण यांचा प्रात्यक्षिक भाग क्रमाने आक्रसला. काळाची गरज म्हणून या बदलाचे स्वागतच करावयास हवे. संगणक न हाताळता येणाऱ्या ग्रंथपालास आज कोणतेही महाविद्यालय नेमणार नाही. तथापि या बदलात एक अंतर्विरोध राहून गेला. पूर्वी विद्यार्थी ड्यूईच्या दशांश पद्धतीने आणि द्विबिंदू पद्धतीने शीर्षकांचे वर्गांक काढीत असे आणि त्या निमित्ताने पुस्तकाच्या विषयाचा विचार करीत असे. आता तो आज्ञावलीच्या कोणत्या चौकटीत काय भरावयाचे ते शिकतो. भरावयाची माहिती कशी ठरवावी, हा बौद्धिक भाग गौण झाला आहे.

अभ्यासक्रमाच्या भाषेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. विद्यापीठीय वर्गांत परिभाषा, पाठ्यपुस्तके आणि प्रात्यक्षिकासाठी दिलेली शीर्षके बहुतांशी इंग्रजी असतात. उत्तीर्ण होणारा विदर्भातील विद्यार्थी मात्र बहुधा अशा ग्रंथालयात जातो, जेथील निम्म्याहून अधिक मागणी मराठी पुस्तकांची असते. वर्गात त्याने इंग्रजी पुस्तकाचे तालिकापत्र केलेले असते आणि नोकरीत त्याच्यासमोर येते ते अभंगगाथेची टीका, दिवाळी अंक, स्मरणिका आणि टोपणनावाने लिहिलेला कवितासंग्रह. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने मराठीतून दिलेले शिक्षण आणि ग्रंथालय संघांमार्फत चालणारे प्रमाणपत्र वर्ग यांनी ही दरी काही अंशी भरून काढली, हे मान्य करावयास हवे. परंतु संशोधनाची पदवी देणाऱ्या स्तरापर्यंत मराठी साहित्यसामग्रीचा तांत्रिक विचार पोहोचला नाही.

3. संशोधनाचे विषय आणि पद्धती

भारतातील या विषयाची पहिली पीएच.डी. पदवी दिल्ली विद्यापीठात रंगनाथन यांच्या मार्गदर्शनाखाली डी. बी. कृष्णराव यांना 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात मिळाली. तिचा विषय कृषिशास्त्राच्या वर्गीकरणाशी संबंधित होता. त्यानंतर सुमारे दोन दशके या विषयात डॉक्टरेटचे काम जवळजवळ थांबलेले दिसते. आज चित्र संपूर्ण बदललेले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या विनियमांनी प्रबंधाची अंकीय प्रत देणे आवश्यक केले. इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ भांडारात सर्व विषयांचे मिळून पाच लाखांहून अधिक प्रबंध जमा झाले आहेत. संख्येच्या दृष्टीने ही प्रगती निर्विवाद आहे.

विषयनिवडीच्या दृष्टीने मात्र तीन ठळक प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह सर्वेक्षणात्मक आहे. एखाद्या जिल्ह्यातील वा विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालये घ्यावयाची, ग्रंथपालांना व वाचकांना प्रश्नावली द्यावयाची, उत्तरांची शेकडेवारी कोष्टकात मांडावयाची आणि ग्रंथालयांना अधिक निधी, अधिक संगणक व प्रशिक्षित कर्मचारी हवेत असा निष्कर्ष काढावयाचा. दुसरा प्रवाह ग्रंथमितीचा आहे. एखाद्या नियतकालिकातील लेखांची वर्षनिहाय संख्या, लेखकांचे सहकार्य, उद्धरणांचे स्वरूप मोजून लोटका (1926) व ब्रॅडफर्ड (1934) यांचे नियम लागू पडतात काय, हे तपासले जाते. तिसरा प्रवाह माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाच्या वापराचा आहे. त्यात संगणकीकरण, ई-संसाधने, संकेतस्थळे आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्ता अशी क्रमाने शीर्षके बदलत गेली, पद्धती मात्र तीच राहिली.

या प्रवाहांना मुळातच त्याज्य ठरविणे अन्यायाचे होईल. संख्यामापनाची कल्पना खुद्द रंगनाथन यांनी 1948 मध्ये ‘लायब्रमेट्री’ या नावाने मांडली होती. ग्रंथालयाच्या दैनंदिन निर्णयांना मोजमापाचा आधार असावा, हा तिचा हेतू होता. दोष मोजण्यात नसून, मोजणे संपल्यावर त्या मापाचे काहीच न करण्यात आहे. ज्या नियतकालिकाचे उद्धरण-विश्लेषण झाले, त्याच्या वर्गणीविषयी कोणत्या ग्रंथालयाने त्या विश्लेषणाच्या आधारे निर्णय घेतला, हे प्रबंधात सहसा आढळत नाही. सर्वेक्षणातील निष्कर्षही सर्वेक्षणाआधीच सर्वांना ठाऊक असतात. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच माहीत आहे, त्यासाठी प्रश्नावली छापणे म्हणजे केवळ उपचार होय.

धरमपेठ, गोकुळपेठ आणि शंकरनगर या परिसरातील अभ्यासिकांचे उदाहरण येथे घेता येईल. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी स्वतःची पुस्तके घेऊन येतात, दिवसभर बसतात आणि ग्रंथालयातील एकही पुस्तक न उघडता परत जातात. सार्वजनिक वाचनालयांतही हे दृश्य अपरिचित नाही. उपस्थितिनोंदीवर आधारलेल्या सर्वेक्षणात हे सर्व ‘वाचक’ ठरतात आणि ग्रंथालयाचा वापर वाढला असा निष्कर्ष निघतो. वास्तविक येथे वाढला आहे तो जागेचा वापर. ग्रंथांचा वापर वाढला, घटला की बदलला, हे देवघेव नोंदींवरूनच समजू शकेल. ग्रंथालयाने शांत जागा पुरविणे हे समाजोपयोगी काम आहेच. परंतु दोन भिन्न गोष्टी एका आकड्यात मिसळल्याने संशोधनाची दिशाभूल होते आणि ग्रंथखरेदीचे निर्णयही चुकतात.

4. मराठी तालिकेचा प्रश्न

संशोधनाने दुर्लक्षिलेल्या प्रश्नाचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. नागपूरचे कवी ग्रेस, म्हणजे माणिक गोडघाटे (1937–2012), यांना ‘वाऱ्याने हलते रान’ या पुस्तकासाठी 2011 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नागपुरातील महाविद्यालयीन ग्रंथालयात हे पुस्तक असणे स्वाभाविक आहे. प्रश्न आहे तो ते तालिकेत सापडण्याचा.

पहिली अडचण लेखकाच्या नावाची. नोंद ‘ग्रेस’ या नावाखाली करावयाची की ‘गोडघाटे, माणिक’ या नावाखाली? तालिकीकरणाच्या संहितांनी यासाठी नियम दिलेले आहेत. लेखक ज्या नावाने ओळखला जातो ते नाव प्रमाण धरावे आणि दुसऱ्या नावापासून तेथे निर्देश द्यावा. कुसुमाग्रज व वि. वा. शिरवाडकर यांच्या बाबतीत एकच लेखक दोन्ही नावांनी प्रसिद्ध असल्याने प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. हे नियम राबविण्यासाठी मराठी लेखकनामांची प्रमाण यादी लागते. अशी सर्वांनी वापरावी अशी यादी हाताशी नसल्याने प्रत्येक ग्रंथालय आपल्यापुरता निर्णय घेते. दोन ग्रंथालयांच्या नोंदी एकत्र करताच एका कवीचे तीन-चार कवी होतात.

दुसरी अडचण लिपीची. संगणकीकरणाच्या पहिल्या टप्प्यात अनेक ठिकाणी मराठी पुस्तकांची शीर्षके रोमन लिपीत भरली गेली. रोमन लेखनाचा एकच संकेत न पाळल्याने ‘ज्ञानेश्वरी’चे पहिले अक्षर कोणी डी-एन, कोणी जे-एन, तर कोणी हिंदी उच्चारानुसार जी-वाय असे लिहिले. वाचकाने कोणत्या अक्षराखाली शोधावे, हे नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सवयीवर अवलंबून राहिले. ज्यांनी देवनागरीत नोंदी केल्या, त्यांपैकी काहींनी जुन्या, युनिकोडपूर्व टंकांचा वापर केला. टंक बदलताच त्या नोंदी वाचता येईनाशा झाल्या.

तिसरी अडचण सूक्ष्म आहे आणि म्हणूनच ती दुर्लक्षित राहते. ‘वाऱ्याने’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठविता येतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ असा क्रम असतो. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त, न दिसणारे जोडचिन्ह आणि ‘य’ असा क्रम असतो. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, पण यंत्राच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत. कर्मचाऱ्याने एका कळफलकाने नोंद केली आणि वाचकाने दुसऱ्या कळफलकाने शोध घेतला, तर ही रूपे एकसमान करून घेण्याची सोय नसलेली आज्ञावली ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर देईल. पुस्तक मांडणीवर असेल, नोंद तालिकेत असेल, वाचकाने शुद्ध शब्द लिहिला असेल, तरीही पुस्तक मिळणार नाही. ‘ॲ’ हे अक्षरही असेच दोन प्रकारे साठविले जाते.

चौथी अडचण शुद्धलेखनाच्या इतिहासातून येते. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या मुखपृष्ठांवर ‘कांहीं’, ‘नाहीं’ अशी रूपे आहेत. तालिकेने मुखपृष्ठावरील रूप जपणे आवश्यक आहे. आजचा वाचक मात्र अनुस्वाराशिवाय शोध घेतो. दोन्ही गरजा पूर्ण करावयाच्या तर मूळ रूपाबरोबर शोधासाठी प्रमाण रूपही नोंदवावे लागते.

सोल, कोहा यांसारख्या आज्ञावली युनिकोडचा स्वीकार करतात आणि त्यामुळे मराठीचा प्रश्न सुटला, असा समज रूढ झाला आहे. वरील चारही अडचणी पाहता तो समज अपुरा ठरतो. वाचकाचा वेळ वाचवावा, हे रंगनाथन यांच्या चौथ्या सूत्राचे सार प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. मराठी तालिकेत ते सूत्र किती पाळले जाते, हे शंभर मराठी शीर्षके निवडून, ती वेगवेगळ्या प्रकारे शोधून, मोजता येईल. असे मोजमाप प्रश्नावलीपेक्षा कमी खर्चाचे आहे आणि त्याचा निष्कर्ष दुसऱ्या दिवशी तालिका सुधारण्यास उपयोगी पडतो.

5. वर्गीकरण : वारसा आणि मर्यादा

वर्गीकरणाच्या क्षेत्रातही असेच संशोधन अपेक्षित आहे. महाविद्यालयांत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत इंग्रजी साहित्याला 820 हा तीन अंकी वर्गांक आहे, तर मराठी साहित्याला 891.46. त्यानंतर काव्य, नाटक, कादंबरी, कालखंड असे अंक जोडत गेल्यावर वर्गांक पुस्तकाच्या पाठीवर मावत नाही. परिणामी अनेक ग्रंथालये तो मध्येच तोडतात आणि सर्व मराठी साहित्य एकाच अंकाखाली गोळा होते. ज्या ग्रंथालयात मराठी साहित्य हाच सर्वांत मोठा विभाग आहे, तेथे सर्वांत ढोबळ वर्गीकरण त्याच विभागाचे व्हावे, ही विसंगती होय.

विदर्भाच्या संदर्भात आणखी दोन उदाहरणे विचारात घेता येतील. महानुभाव पंथाचे ‘लीळाचरित्र’ धर्म या विभागात 294.5 खाली ठेवावे की मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून 891.46 खाली? दुसरे उदाहरण दीक्षाभूमीशी निगडित आहे. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर निर्माण झालेले वाङ्मय बौद्ध धर्म म्हणून 294.3 खाली, सामाजिक गटांचा अभ्यास म्हणून 305 खाली, आत्मकथने व कविता म्हणून 891.46 खाली आणि चरित्रे 920 खाली अशी चार ठिकाणी विभागली जातात. प्रत्येक निर्णय नियमानुसार योग्य असतो. परंतु आंबेडकरी चळवळीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला हा संग्रह कोठेही एकत्र दिसत नाही. यासाठी वर्गीकरण पद्धती बदलण्याची आवश्यकता नाही. चारही ठिकाणांना जोडणारे मराठी विषयशीर्षक हवे आणि त्या शीर्षकांची सुसंगत यादी हवी. अशी यादी तयार करणे हा अस्सल संशोधनाचा विषय आहे आणि तो नागपुरात होणे सर्वाधिक उचित ठरेल.

हे काम अशक्य कोटीतील नाही, याला मराठीतच पुरावा आहे. शंकर गणेश दाते यांनी सिद्ध केलेल्या ‘मराठी ग्रंथसूची’चा 1800 ते 1937 या कालखंडाचा पहिला भाग 1944 मध्ये आणि 1938 ते 1950 या कालखंडाचा दुसरा भाग 1961 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील काळाच्या सूचीचे काम शरद केशव साठे यांनी केले. संगणक नसताना, ग्रंथालयोग्रंथालयी फिरून, प्रत्यक्ष पुस्तक हाताळून झालेले हे काम आजही मराठीच्या प्रत्येक संशोधकाचा आधार आहे. ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या प्रबंधांत मात्र सूचिकार्याला ‘केवळ संकलन’ समजून दुय्यम लेखण्याची प्रवृत्ती आढळते. वास्तविक कोणते पुस्तक पहिल्या आवृत्तीचे, कोणता लेखक कोणत्या टोपणनावामागे आहे, हे ठरविताना जी चिकित्सा करावी लागते, ती अनेक शेकडेवारी कोष्टकांत आढळत नाही.

6. मूल्यमापनाचे नियम आणि संशोधनाचे वर्तन

विषयनिवडीचा दोष केवळ संशोधकांच्या माथी मारणे योग्य नाही. 2010 च्या विनियमांनी शिक्षक व ग्रंथपाल यांच्या पदोन्नतीसाठी शैक्षणिक कामगिरीचे गुणांक आणले. लेखांची संख्या महत्त्वाची झाली. लवकर पूर्ण होणारे, लवकर छापून येणारे संशोधन फायद्याचे ठरले. पन्नास प्रश्नावल्यांवर आधारलेला लेख दोन महिन्यांत होतो. एका नियतकालिकाच्या तीस वर्षांच्या लेखसूचीला दोन वर्षे लागतात. गुण मात्र जवळजवळ सारखेच मिळतात.

या व्यवस्थेत नियतकालिकांचाही सुळसुळाट झाला. आयोगाने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मान्य यादीतून मे 2018 मध्ये 4,305 नियतकालिके वगळली. त्याच वर्षी भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यापीठांनी सुचविलेल्या नियतकालिकांपैकी 1,009 तपासली असता केवळ 112 निकषांस उतरली. त्यानंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या सहभागाने ‘यूजीसी केअर’ यादी आली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद करून नियतकालिकाची गुणवत्ता ठरविण्याची जबाबदारी संस्थांवर सोपविण्यात आली. महाविद्यालये प्रसिद्ध करीत असलेल्या बहुविद्याशाखीय नियतकालिकांनाही, प्रस्तुत नियतकालिकासह, या प्रश्नापासून अलिप्त राहता येणार नाही. यादी नसताना निकष कोण लावणार, हा प्रश्न आता प्रत्येक संपादक मंडळापुढे आहे. नियतकालिकांची पारख करणे हे मुळात ग्रंथपालाचे शास्त्र असल्याने या कामी महाविद्यालयातील ग्रंथपालास मध्यवर्ती स्थान मिळावयास हवे.

आणखी एका बदलाची नोंद घेणे आवश्यक आहे. 2022 च्या विनियमांनी एम.फिल. पदवी बंद झाली. या पदवीविषयी अनेक आक्षेप होते. तथापि एका ग्रंथालयातील दुर्मीळ संग्रहाची वर्णनात्मक सूची, एका मासिकाची लेखसूची, एका तालुक्यातील वाचनालयांचा इतिहास, अशा मर्यादित पण ठोस कामासाठी एम.फिल.च्या लघुप्रबंधाचा आकार अगदी योग्य होता. ती वाट बंद झाली आणि तिची जागा घेणारी दुसरी वाट निर्माण झाली नाही.

7. नव्या सुविधा आणि त्यांची मर्यादा

2010 मध्ये सुरू झालेल्या एन-लिस्ट योजनेमुळे अल्प वर्गणीत हजारो ई-नियतकालिके व लक्षावधी ई-पुस्तके महाविद्यालयांना मिळू लागली. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेस मान्यता दिली. तीन वर्षांसाठी सुमारे 6,000 कोटी रुपयांची तरतूद, 30 प्रकाशक आणि सुमारे 13,000 नियतकालिके असे तिचे स्वरूप आहे. केंद्र व राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्थांसाठी ती आखली गेली. विदर्भातील बहुसंख्य महाविद्यालये खाजगी संस्थांनी चालविलेली व शासन-अनुदानित आहेत. त्यांच्यापर्यंत हा लाभ पूर्णांशाने पोहोचणे, ही या योजनेची खरी कसोटी ठरेल.

या योजनांचे महत्त्व वादातीत आहे. परंतु त्यांतील आशय जवळजवळ सर्वच इंग्रजी आहे. मराठी, इतिहास, लोकसाहित्य यांच्या प्राध्यापकाला लागणारी सामग्री तेथे नाही. ती स्थानिक ग्रंथालयांच्या कपाटांत आहे. नागपूरच्या ‘देशसेवक’, ‘महाराष्ट्र’, ‘तरुण भारत’ या पत्रांचे जुने अंक, विदर्भ साहित्य संघाचे ‘युगवाणी’, महाविद्यालयांची वार्षिकांके, संस्थांच्या स्मरणिका ही सामग्री कोणताही आंतरराष्ट्रीय प्रकाशक पुरविणार नाही. ती नष्ट झाली तर वर्गणी भरून परत मिळणार नाही. अनेक ठिकाणी ग्रंथपालाचे पद रिक्त आहे किंवा प्रभारी व्यक्तीकडे आहे. जागेच्या टंचाईत प्रथम निर्लेखित होतात ते नोंद नसलेले जुने अंक. नोंद नाही म्हणून मागणी नाही, आणि मागणी नाही म्हणून निर्लेखन, असे हे दुष्टचक्र आहे.

8. काही सूचना

उपरोक्त विवेचनाच्या आधारे पुढील सूचना करता येतील.

(1) पदव्युत्तर अभ्यासक्रमातील प्रकल्पकार्यात किमान एक पर्याय मराठी सूचिकार्याचा असावा. प्रत्येक विद्यार्थ्याने एका नियतकालिकाच्या पाच वर्षांची लेखसूची केली, तरी सहा विद्यार्थ्यांत तीस वर्षांची सूची तयार होईल.

(2) वर्गीकरण व तालिकीकरणाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत निम्मी शीर्षके मराठी असावीत. त्यांत टोपणनावे, संतवाङ्मय, दिवाळी अंक व स्मरणिका यांचा समावेश असावा.

(3) विदर्भातील लेखकांच्या नावांची प्रमाण यादी विद्यापीठ विभाग व महाविद्यालयीन ग्रंथपाल यांनी संयुक्तपणे तयार करावी. यासाठी मोठ्या निधीची नव्हे, तर सातत्याची गरज आहे.

(4) मराठी शोधसुलभतेची चाचणी प्रत्येक महाविद्यालयाने वर्षातून एकदा घ्यावी आणि तिचा अहवाल ग्रंथालय समितीपुढे ठेवावा.

(5) चिकित्सक ग्रंथसूची व लेखसूची यांना पदोन्नतीच्या मूल्यमापनात संशोधनग्रंथाचा दर्जा मिळावा.

(6) पीएच.डी.च्या सर्वेक्षणात्मक प्रबंधात, निष्कर्षामुळे कोणत्या ग्रंथालयाच्या कोणत्या व्यवहारात बदल होऊ शकतो, हे स्पष्ट करणे विद्यापीठाने आवश्यक करावे.

9. समारोप

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यात आला आणि रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही उभे राहत आहे. भाषेच्या गौरवाची ही चिन्हे स्वागतार्ह आहेत. परंतु भाषेतील ग्रंथ जर तालिकेत सापडत नसतील, तर तो गौरव ग्रंथालयाच्या दारापर्यंतच मर्यादित राहील. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. त्याच्या आधारे उभ्या राहिलेल्या, राज्यभरातील अकरा हजारांहून अधिक अनुदानप्राप्त ग्रंथालयांत आणि शेकडो महाविद्यालयांत मराठी ग्रंथांचा प्रचंड साठा आहे. त्याचे वर्णन, वर्गीकरण आणि शोध ही या शास्त्राची स्वतःची, अन्य कोणत्याही शास्त्राला न पेलणारी जबाबदारी आहे.

ग्रंथालय व माहितीशास्त्राने गेल्या पंचवीस वर्षांत माहितीकडे केलेली वाटचाल आवश्यकच होती. त्या वाटचालीत ग्रंथ मागे राहता कामा नये. धरमपेठेतील एखादा विद्यार्थी ‘वाऱ्याने हलते रान’ हे नाव कोणत्याही कळफलकाने लिहील आणि पुस्तक कोणत्या कपाटात आहे ते त्याला तत्काळ कळेल, एवढी साधी गोष्ट साध्य करण्यासाठी लिपी, लेखकनाम, वर्गीकरण आणि आज्ञावली या चारही अंगांचा सखोल अभ्यास करावा लागतो. हा अभ्यास कोणी हाती घेतल्यास त्याचा प्रबंध भांडारात जमा होऊन थांबणार नाही, तो त्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडेल.